इक्वियानोची धाकटी लेक

आमच्या लंडनच्या भागात, स्टोक न्यूइंग्टनमध्ये, ॲबनी पार्क नावाची १८४० सालची दफनभूमी आहे. नावात पार्क, आणि वापरही तसाच. लोक सकाळी कुत्री घेऊन येतात, मीही चालायला तिथेच जाते. इंग्लंडच्या अधिकृत चर्चपासून वेगळ्या पंथांची बरीच माणसं इथे विसावली आहेत. साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेच्या संस्थापकाची, विल्यम बूथची, कबर सगळे विचारत येतात. जोआना व्हासा ब्रॉम्लीची फारसं कोणी विचारत नाही.

जोआना ही ओलाउडा इक्वियानोची मुलगी. गुलाम म्हणून विकला गेलेला हा आफ्रिकी वंशाचा माणूस. मालकाने गुस्तावस व्हासा हे नाव त्याच्यावर लादलं आणि तेच कागदोपत्री राहिलं. १७६६ मध्ये ४० पौंड मोजून त्याने स्वतःलाच विकत घेतलं. १७८९ मध्ये आत्मचरित्र छापलं आणि गावोगाव भाषणं करत स्वतःच खपवलं. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध ब्रिटनमध्ये जे जनमत तयार झालं, त्यात या पुस्तकाचा वाटा मोठा.

१७९२ मध्ये केंब्रिजजवळच्या सोहम गावात सुझाना कलन या गोऱ्या मुलीशी त्याचं लग्न झालं. ॲना मारिया थोरली, जोआना धाकटी, जन्म ११ एप्रिल १७९५. मग घराला जणू दृष्टच लागली. जोआनाचा पहिला वाढदिवस व्हायच्या आत आई गेली, १७९७ च्या मार्चमध्ये वडील, आणि त्याच जुलैत चारेक वर्षांची ताई. दोन वर्षांची पोर एकटी उरली.

एकविसाव्या वर्षी, १८१६ मध्ये, तिला वडिलांच्या मिळकतीतले ९५० पौंड मिळाले. चाळीस पौंडांत स्वतःला सोडवणाऱ्याने लेकीसाठी एवढं ठेवलं होतं! मुली सज्ञान होण्याआधी गेल्या, तर निम्मा पैसा मुक्त गुलामांसाठी वसवलेल्या पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमधल्या कामासाठी आणि निम्मा मिशनऱ्यांना द्यावा, अशीही मृत्युपत्रात सोय होती. व्यवहाराला पक्का माणूस.

१८२१ मध्ये तिने हेन्री ब्रॉम्ली या धर्मोपदेशकाशी लग्न केलं. आधी डेव्हनमधलं ॲपलडोर, मग एसेक्समधलं क्लेव्हरिंग, असा त्यांचा संसार. १८३३ मध्ये वसाहतींतली गुलामगिरी रद्द करणारा कायदा झाला, तेव्हा ती अडतीस वर्षांची होती. ज्यासाठी बाप झिजला, ते तिने पाहिलं. १० मार्च १८५७ रोजी ती लंडनमध्ये वारली.

मला यात एक गोष्ट खटकते. चारेक वर्षं जगलेल्या ॲना मारियासाठी केंब्रिजच्या चेस्टरटन भागातल्या सेंट अँड्र्यूज चर्चच्या भिंतीवर अख्खी कविता कोरली आहे. गावातली मुलं तिच्या कबरीवर फुलं वाहतात, असं तीत म्हटलंय. मी मुद्दाम जाऊन वाचून आले. तिथली नदी ओलांडायला आता इक्वियानोच्या नावाचा पूलही आहे. आणि एकसष्ट वर्षं जगलेली जोआना मात्र जन्म, वारसा, लग्न, मृत्यू एवढ्या नोंदींत संपते. पाळकाची बायको म्हणून तिने गावात किती जणांची दुखणी-खुपणी काढली असतील, ते कोण लिहिणार? आपल्याकडे तरी जोतीराव-सावित्रीबाईंच्या यशवंताचं पुढे काय झालं, हे किती जण सांगू शकतील?

लंडनला आलात तर ऑक्सफर्ड स्ट्रीटवरून ७३ नंबरची बस इकडे येते. दफनभूमीत शिरायला तिकीट-बिकीट काही नाही. फक्त बूट जुने घाला, पावसानंतर आतल्या पायवाटांवर भरपूर चिखल असतो.