स्टेबलमधला बीटा: चोपड्याच्या मशीनचा पुढचा अपडेट

मंडळी, चोपड्याच्या कृषी सेवा केंद्रातलं जुनं कॉम्प्युटर मशीन डेबियन १३ या लिनक्स सिस्टिमवर आलं एकदाचं. प्रिंटर चालतोय, मराठी टायपिंग चालतंय, बिलं निघताहेत, तो विषय संपला.

पण पुसायच्या आधी त्यावरच्या जुन्या लिनक्सची, उबुंटू १६.०४ ची, पॅकेज लिस्ट (कुठलं सॉफ्टवेअर कुठल्या व्हर्जनचं ते) काढून ठेवली होती, ती काल निवांत वाचत बसलो. ग्रब म्हणजे मशीन चालू होताना सिस्टिम सुरू करणारा बूटलोडर, त्याचं व्हर्जन बघा: २.०२~बीटा२-३६. म्हणजे पाच वर्षं सपोर्टवाल्या एलटीएस रिलीजमध्ये बूटलोडर बीटा, फायनलच्या आधीचं चाचणीचं व्हर्जन! आणि लोक तर म्हणतात, स्टेबलमध्ये, म्हणजे रोजच्या वापराच्या पक्क्या रिलीजमध्ये, बीटा नकोच. ही बीटा २ आली २०१३ च्या डिसेंबरात, फायनल २.०२ आलं एप्रिल २०१७ मध्ये, आणि मधल्या काळात उबुंटू १४.०४, १६.०४, डेबियन ८ सगळ्यांनी हीच बीटा दिली, डेबियन ९ ने तर फायनल येऊन गेल्यावरही बीटा ३ च ठेवली, कारण तोवर फ्रीझ लागला होता, म्हणजे नवी व्हर्जन घेणं बंद झालं होतं. आणि आपल्याकडे लाईट कशी जाते-येते माहितीये ना, उन्हाळ्यात ते मशीन दिवसातून कितीदा बूट व्हायचं, तरी ग्रबने कधी दगा दिला नाही. व्हर्जनमधला तो शेवटचा ३६ म्हणजे डिस्ट्रोवाल्यांनी (उबुंटू, डेबियनसारख्या) स्वतः पॅच मारून मारून केलेली मेहनत आहे, ती दिसत नाही कोणाला.

म्हणून "स्टेबलमध्ये बीटा नकोच" हे सरसकट मला पटत नाही. माझं मत असं आहे की त्या सॉफ्टवेअरवर दुसरं काय उभं आहे ते बघा. २००८ च्या एप्रिलमध्ये उबुंटू ८.०४ एलटीएस फायरफॉक्स ३ ची बीटा ५ घेऊन आलं, लोक चिडले, पण जूनमध्ये फायनल आलं आणि अपडेटमधून सगळ्यांना मिळालं. फायरफॉक्स २ दिलं असतं तर त्याचा सपोर्ट डिसेंबरातच संपला, मग एलटीएसची तेव्हाची तीन वर्षं काय करायचं होतं? ब्राउझर बदलला तर बाकी काही मोडत नाही भो.

कंपायलर, म्हणजे कोडमधून प्रोग्राम बनवणारं सॉफ्टवेअर, त्याचं तसं नाही. २००० साली रेड हॅट ७.० या लिनक्सने जीसीसी २.९६ हा कंपायलर दिला, जो जीसीसीवाल्यांनी कधी रिलीजच केला नव्हता, डेव्हलपमेंटमधला स्नॅपशॉट (चालू कामाची मधलीच प्रत) उचललेला. त्यावर बनवलेलं सी++ ना आधीच्या २.९५ शी जुळायचं ना नंतरच्या ३.० शी. एकदा त्यावर लोकांनी प्रोग्राम बनवले की मागे फिरता येत नाही, असलं काही स्टेबलमध्ये अजिबात नको.

ताजं उदाहरण उबुंटू २५.१० चं, त्यात रस्ट भाषेत लिहिलेले कोअरयुटिल्स, म्हणजे 'डेट'सारख्या रोजच्या कमांड, आले, व्हर्जन ०.२.२. त्याला बीटा म्हटलेलं नाही, पण सुरुवातीचा शून्य बघा की, १.० पण झालं नव्हतं. 'डेट'ला '-आर' देऊन फाइल दिली तर फाइलची वेळ यायला पाहिजे, तो गुपचूप आत्ताची वेळ द्यायचा, एरर पण नाही, आणि त्यामुळे ऑटोमॅटिक अपडेटचा चेकच बंद पडला. एरर आली असती तर परवडलं असतं, गप्प बसून चुकीचं उत्तर देणं फार वाईट. ते एलटीएस नव्हतं हे बरं झालं, अशा गोष्टी मधल्या रिलीजमध्येच घासून निघाल्या पाहिजेत.

आता डेबियन १३ ची लिस्ट तपासतोय. नुसतं ~ शोधून उपयोग नाही, कारण ~डेब१३यू१ म्हणजे स्टेबलचाच अपडेट आणि ~बीपीओ म्हणजे बॅकपोर्ट (नव्या रिलीजमधून मागे आणलेलं), ते दोन्ही आधी गाळायचे आणि मग बीटा, आरसी (फायनलच्या तोंडावरचं व्हर्जन), गिट (थेट चालू कोडमधून उचललेलं) असे शब्द बघायचे. आणि +गिट वाले विसरू नका, त्यात ~ नसतोच पण माल स्नॅपशॉटचा असतो. धुळे-नंदुरबारकडे कोणी २५.१० चालवत असेल तर जुन्या फाइलवर 'डेट -आर' मारून बघा आणि अपडेट झालंय का ते कळवा.