हात खाली सोडलेला, हात जोडलेला

वसईत टॅटूचं काम करणाऱ्याचा हात क्रूसावर बसलेला असतो. नाताळ, ईस्टर, आणि पोरांची जहाजावर किंवा आखातात जायची तारीख ठरली की, असे आमचे तीन मोसम. दोन रेघांचं काम म्हणून नवखे आर्टिस्ट ते हसत अंगावर घेतात. गुलाबाची पाकळी दोन मिलिमीटर इकडची तिकडे झाली तर कुणाच्या लक्षात येत नाही. क्रूसाची आडवी रेघ तेवढी कलली की रिक्षावालासुद्धा विचारतो, "वाकडा काढलाय काय?"

ती मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. सोबत आई. पहिलाच टॅटू. मुठीत आजीची माळ, माळेच्या टोकाला पितळेचा साधा क्रूस, बोटाच्या एका पेराएवढा. अगदी तसाच हवा, उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला, आणि खाली 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे'. सुईचं काम पुढे पंचवीस मिनिटांत झालं. जागा आणि दिशा ठरायला दोन दिवस लागले, आणि दिशा बरोबर ठरली का हे मी अजून छातीठोक सांगू शकत नाही.

आधी वाक्य बाद केलं. मनगटाच्या आतल्या बाजूला आडवी सपाट जागा मिळते जेमतेम चार सेंटिमीटर. तेवढ्यात चार शब्द बसवायचे तर अक्षर तीन मिलिमीटरचं होतं. त्या दिवशी सुरेख दिसतं, फोटोही छान येतो. पण शाई कातडीत हळूहळू पसरते, रेघ जाड होत जाते. मग 'परमेश्वर'मधला 'श्व' भरून त्याचा ठिपका होतो, 'में'वरचा अनुस्वार मात्रेला चिकटतो, 'ढ'चं पोट बुजतं. देवनागरीला आणखी एक दुखणं आहे, ते म्हणजे शिरोरेघा. रोमन अक्षरं सुटी असतात, गोल हातावर थोडी वळली तरी चालून जातं. शिरोरेघा ही पट्टीने ओढलेली रेघ. हात वळला की तीच आधी धनुष्य होते. म्हणून देवनागरी मी आठ-दहा मिलिमीटरपेक्षा लहान काढत नाही, आणि लांब ओळ हाताभोवती गुंडाळत नाही. ताज्या टॅटूचे फोटो सगळे टाकतात, चार वर्षांनंतरचा कुणी टाकत नाही. आमच्या धंद्यातली निम्मी फसवणूक त्यातच बसते. तिला म्हटलं, अगदीच हवं असेल तर नुसतं 'स्तोत्र २३' काढू. विचार करून म्हणाली, "मग नकोच. ते मला पाठ आहे."

आईला खांद्यावर हवा होता, बाहीखाली झाकलेला. मी डाव्या दंडावरचा बीसीजी लशीचा डाग बघायला मागितला. तो बहुतेकांना असतो, आणि या कातडीवर व्रण कसा भरतो याचा तो टॅटूवाल्याला फुकटात मिळालेला रिपोर्ट आहे. डाग सपाट किंवा खड्ड्यासारखा असेल तर ठीक. हिचा वालाच्या दाण्यासारखा वर आलेला होता. कान टोचलेल्या जागी गाठ नव्हती, म्हणजे फार घाबरायचं कारण नव्हतं. पण खांदा, छातीचा मधला भाग आणि पाठीचा वरचा भाग या जागी व्रण फुगण्याची शक्यता जास्त, आणि क्रूस मागायला येणाऱ्यांच्या आवडत्या जागाही नेमक्या याच. उगाच धोका कशाला? हाताच्या पुढच्या भागात हा त्रास कमी होतो.

मैत्रिणीने फोनवर पाठवलेलं एक चित्रही तिने दाखवलं: घोट्याभोवती गुंडाळलेली रोझरी, क्रूस पावलावर लोंबतोय. आईने फोन तिच्या हातातून काढूनच घेतला. "पायात क्रूस? घरात घेणार नाही मी." परदेशातली ही फॅशन आपल्याकडे चालत नाही, धर्म कुठलाही असो. माझं भांडण वेगळं आहे. चपलेचा पट्टा, धूळ, पावसाळ्यातलं पाणी आणि हाडाला चिकटलेली पातळ कातडी, यात माळेचे मणी टिकत नाहीत. तीन मिलिमीटरचे दहा मणी चिकटून काढले की काही वर्षांनी त्यांची काळी दोरी होते. बोटाच्या कडेचं तर सांगायलाच नको. तिथली कातडी सारखी घासली जाते आणि रेघ महिन्या-दोन महिन्यांत तुटक होते. त्यात नर्स, दिवसातून कितीदा हात धुणार.

राहिलं मनगट. मनगटाच्या घडीपाशी मी काढत नाही. तिथे कातडी दिवसभर दुमडते, हातमोज्याची कडा घासते, आणि ती इतकी पातळ असते की सुई जराशी खोल गेली तरी शाई खालच्या चरबीत उतरते आणि रेघेभोवती निळसर धूर पसरतो. एकदा पसरला की तो पुसता येत नाही. घडीपासून दोन-अडीच बोटं वर सरकलं की कातडी थोडी दमदार लागते. तिला अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट किंचित आत वाकवायला सांगितलं. मधोमध कातडीखाली स्नायूची एक दोरी ताठ उभी राहिली. काही जणांना ती नसतेच. उभी रेघ त्या दोरीच्या माथ्यावर आली तर मूठ वळताच क्रूस हलतो, म्हणून तीन मिलिमीटर अंगठ्याकडे सरकवली.

नोकरीचं मी प्रत्येकाला विचारतो. निमलष्करी भरतीला बसणारा मुलगा असेल तर तिथे धार्मिक चिन्ह चालतं, पण हाताच्या आतल्या बाजूला म्हटलं तर फक्त डाव्या, उजवा सॅल्यूटचा. आकारही त्या भागाच्या पावापेक्षा कमी लागतो. विमानात किंवा जहाजावर जाणाऱ्याला सांगतो, आधी कंपनीचा नियम लेखी बघ. हिला पुढे परदेशात जायचं होतं. तिथल्या वैद्यकीय तपासणीत काही ठिकाणी टीबीची कातडीवरची चाचणी करतात, कोपराखाली दोन ते चार इंचांवर, हाताच्या आतल्या बाजूला. सुईची जागा फुगली का, किती फुगली, हे तिथे मोजायचं असतं, म्हणून ती कातडी कोरी लागते. हे तिलाच माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. म्हणजे कोपराजवळचा भागही गेला.

इथवर सगळं सरळ चाललं होतं. मी स्टेन्सिल, म्हणजे कातडीवर आधी उमटवायचा चित्राचा छाप, कापला, हात खाली सोडून उभं राहायला सांगितलं आणि क्रूसाचा लांब पाय बोटांकडे करून लावून दाखवला. तिने हात वर करून बघितला आणि म्हणाली, "दादा, हा उलटा आहे."

आमच्या धंद्यात याला एकच उत्तर आहे. हात खाली सोडला की समोरच्याला चित्र सरळ दिसलं पाहिजे. पहिल्यांदा येणारा प्रत्येक जण उलट मागतो, कारण स्वतःच्या हाताकडे तो स्वतःच बघत असतो. आपण समजावायचं, तो ऐकतो, पुढे आभारही मानतो. सिंह, होडी, नाव, सगळ्याला हा नियम लागू पडतो. क्रूसाला जास्तच, कारण सिंह उलटा दिसला तर नुसता विनोद होतो आणि क्रूस उलटा दिसला तर लोक सैतानाचं नाव घेतात.

तिने युक्तिवाद केला नाही. हात जोडले. बोटं वर, मनगटं छातीपाशी. माझा स्टेन्सिल त्या हातावर डोकं खाली करून उभा होता. "प्रार्थनेत मी हात असे धरते. तेव्हा तो सरळ नको का?"

खरं सांगायचं तर इतकी वर्षं क्रूस काढताना मी हात जोडून कधी बघितलंच नव्हतं. हात लोंबता, हात टेबलावर, पालथा, उताणा, हे सगळं बघतो, कारण हात फिरला की मनगटाकडची कातडी कोपराकडच्यापेक्षा जास्त फिरते आणि लांब उभी रेघ पिळवटते. हात जोडलेला माझ्या यादीत नव्हता. आजीच्या माळेतल्या क्रूसाला हा प्रश्न पडत नाही. तो लोंबतो, वजनाने आपोआप सरळ होतो.

मी मधला मार्ग काढला: चारही बाहू सारखे ठेवू, म्हणजे उलटं-सुलटं राहणारच नाही. ईजिप्तमधले कॉप्टिक ख्रिस्ती उजव्या मनगटाच्या आत छोटा क्रूस गोंदवून घेतात, तो बहुतेक वेळा असाच समान बाहूंचा असतो. जेरुसलेमच्या जुन्या शहरात रझूक कुटुंब पिढ्यान् पिढ्या यात्रेकरूंना गोंदत आलं आहे. त्यांच्याकडचे ऑलिव्हच्या लाकडाचे जुने ठसे मी तिला फोनवर दाखवले. तिने ते मन लावून बघितले. म्हणाली, "सुंदर आहेत. पण हा आजीचा नाही."

मग उलट्या क्रूसाबद्दल तिनेच मला सांगितलं. संत पेत्राला क्रूसावर चढवायची वेळ आली तेव्हा प्रभूसारखं मरण यायची आपली योग्यता नाही म्हणून त्याने उलटं टांगून घेतलं, अशी परंपरा आहे. त्यामुळे नुसता उलटा क्रूस हे पेत्राचं चिन्ह. २००० साली पोप जॉन पॉल दुसरे इस्रायलला गेले तेव्हा त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर तो कोरलेला होता, आणि त्या फोटोवरून इंटरनेटवर अजूनही धुरळा उडतो. येशूची मूर्ती असलेला क्रूस उलटा करणं मात्र अपमानच, हेही तिने सांगितलं. ते मी तसंही केलं नसतं. पेराएवढ्या जागेत चेहरा काढायला गेलं तर मुगाचा दाणा होतो.

माझ्या धंद्यातल्या जोडीदाराचं म्हणणं होतं, गिऱ्हाईक पैसे देतंय, काढ आणि मोकळा हो. मला हे पटत नाही. पहिल्या टॅटूच्या गिऱ्हाइकाला स्वतःच्या हातावर काहीतरी असण्याची सवयच नसते, तो काय मागतो ते त्याला आरशासमोर कळत नाही. सेल्फीत तर मुळीच नाही. सेल्फी कॅमेरा उलटं दाखवतो आणि अक्षरं काढलेली असली की गिऱ्हाईक तिथेच किंचाळतं.

म्हणून स्टेन्सिल पुसला. सर्जरीआधी कातडीवर खुणा करतात त्या मार्करने दोन्ही हातांवर क्रूस काढले. उजव्यावर तिच्या दिशेचा, डाव्यावर माझ्या. म्हटलं, उद्याची शेवटची ड्यूटी याच्यासकट कर, मग ये. परवापासून तिला सुट्टी होती, आणि ती मला हवीच होती. ताजा टॅटू ही उघडी जखम असते. ती घेऊन वॉर्डात जाणं तिलाही धोक्याचं आणि पेशंटलाही.

संध्याकाळी आली तेव्हा दोन्ही क्रूस फिकट झाले होते, पण वाचता येत होते. तिने नर्ससारखाच रिपोर्ट दिला. गोळ्या देताना हात पुढे केला की डाव्या हातावरचा पेशंटला सरळ दिसतो, उजव्यावरचा उलटा. एका म्हाताऱ्या बाईंनी डाव्याकडे बघून स्वतःवर क्रूसाची खूण केली. सलाईनची बाटली अडकवायला हात वर केला की उजव्यावरचा सगळ्यांना सरळ. इतर वेळी कुणी बघितलंच नाही. मला वाटलं, त्या म्हाताऱ्या बाईंनी माझं काम केलं. ती म्हणाली, "उजवाच. मला दिसायला हवा."

काढला. बावीस मिलिमीटर उंच: लांब पाय चौदाचा, कोपराकडे, वरचा आणि दोन्ही बाजूंचे बाहू आठ-आठचे. जागा साफ केली, स्टेन्सिल लावून पंधरा मिनिटं सुकू दिला. ओल्यावर घाई केली की निम्मी रेघ टिश्यूबरोबर निघून येते. पाचची राउंड लायनर, म्हणजे रेघ ओढायची पाच सुयांची गोल जुडी, ०.३० मिलिमीटरच्या सुया, कातडी तीन बाजूंनी ताणून, एक ते दीड मिलिमीटर खोल. काळ्याशिवाय काही नाही. आपल्या सावळ्या कातडीखाली पांढरे-पिवळे रंग मळकट दिसतात. वर पातळ चिकट फिल्म लावली, चार दिवस ठेवायला सांगितली. तीन आठवडे पोहणं बंद, वर्षभर रक्तदान बंद.

एक गोष्ट मी तिला न विचारता केली. क्रूसाच्या वरच्या टोकापुढे आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा मिलिमीटर कातडी मोकळी राहील असा तो बसवला. तिन्ही आखूड बाहू सहाने वाढवले की सगळे चौदाचे होतात. चारही समान. अठ्ठावीस बाय अठ्ठावीसचा क्रूस, त्याला डोकं-पाय नाही. दहा मिनिटांचं काम आहे.

दीड महिन्याने फोटो आला. कुणाच्या तरी लग्नातला, हात खाली सोडलेला, आणि तो तसाच दिसत होता जसा मला माहीत होतं तो दिसेल. खाली लिहिलं होतं, "दादा, मामा म्हणतो उलटा काढलाय. मी त्याला हात जोडून दाखवला."

रेघ छान बसली आहे, कुठे पसरलेली नाही. सहा मिलिमीटरचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.