पान पालथं कर की

"अगं, नुसतं वरनं काय फोटो काढतीयास? पान पालथं कर की."

मणेराजुरीच्या बागेत मामा हे म्हणाले, तेव्हा माझ्या फोनमध्ये द्राक्षाच्या पानांचे सहाशेच्या आसपास फोटो होते आणि सगळे वरच्या बाजूचे. दावण्या, म्हणजे डाऊनी, हा द्राक्षावरचा बुरशीचा रोग, वरून तेलकट पिवळसर डागासारखा दिसतो. पण बागायतदार पान उलटतो, खालची पांढरी बुरशी बघतो आणि मगच बोलतो. मामांनी एक पान अंगठ्याने वळवून माझ्यासमोर धरलं. डागाच्या बरोबर मागे कापसासारखा पातळ थर होता. पानाच्या फोटोवरून द्राक्षाचा रोग ओळखायला कॉम्प्युटरला शिकवायचं, या माझ्या प्रोजेक्टला तेव्हा चार महिने झाले होते.

मी सांगलीजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरला आहे. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला चार शिक्षकांना मेल केला होता, चौघांना एकच: "मला मशीन लर्निंगमध्ये रस आहे, तुमच्या मार्गदर्शनाखाली काम करायचंय." उत्तर आलं नाही. मग आमच्याच विभागातल्या एका मॅडमचा एक रिसर्च पेपर काढला, इमेज प्रोसेसिंगवरचा. दोनदा वाचला. तरीही एक आकृती कळली नव्हती, ती वहीत उतरवून थेट केबिनला गेले. मॅडमनी ती आकृती समजावली, मग विचारलं, "गुरुवारी चार वाजता येशील का? दर गुरुवारी?" सुरुवात एवढीच. ज्यांना कुणा सरांना विचारायचंय त्यांना मी हेच सांगते, त्यांचं काम वाचून एक खरा प्रश्न घेऊन जा. मेलपेक्षा त्याचा उपयोग होतो.

पहिले सहा आठवडे कोड लिहायचा नाही, ही अट होती. दर आठवड्याला एक पेपर आणि वहीत तीन उत्तरं: प्रश्न काय होता, डेटा कुठून आणला, आणि 'चांगलं' म्हणजे कशापेक्षा चांगलं. मला हे फार संथ वाटायचं. वर्गातल्या मुली इंटर्नशिपची सर्टिफिकेटं टाकत होत्या, आणि मी एकच पान तिसऱ्यांदा वाचत बसलेली.

त्यातच २०१६ चा एक पेपर आला. प्लांटव्हिलेज नावाचा खुला संग्रह आहे, १४ पिकांच्या पानांचे ५४,३०६ फोटो. त्यावर शिकवलेल्या मॉडेलने, म्हणजे फोटो बघून रोग ओळखणाऱ्या प्रोग्रामने, त्याच संग्रहातल्या बाजूला ठेवलेल्या फोटोंवर ९९.३५ टक्के अचूकता दाखवली होती. वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिल्यावर ती ३१ टक्क्यांच्या आसपास आली, आणि हे त्याच लेखकांनी त्याच पेपरात लिहिलं होतं. मी ९९ खाली रेघ मारली होती. मॅडमनी ३१ खाली मारली.

त्या संग्रहात द्राक्षं आहेत, पण रोग कुठले? ब्लॅक रॉट, एस्का, लीफ ब्लाईट. आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की ज्यांच्या भीतीने झोप उडते, ते डाऊनी आणि भुरी (पानावर पांढरी भुकटी दिसते तो रोग) त्यात नाहीतच. फोटोही तोडलेल्या पानांचे, साध्या पार्श्वभूमीवर ठेवलेले. तासगाव भागातल्या बागेत पानाच्या मागे दुसरं पान असतं, तारा असतात, फवारणीचे पांढरे ठिपके असतात. ते ठिपके मॉडेलला भुरीच वाटतात. म्हणून स्वतः फोटो काढायचं ठरलं, आणि मी मामांच्या बागेत पोचले.

मामा बोलल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. माझी जोडीदारीण आणि मी पाच बागांत फिरलो, प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजू टिपल्या. रोगाचं नाव बागायतदाराकडून लिहून घ्यायचं, शंका असेल तर ते पान बाजूला ठेवायचं. मॉडेल शिकवायला वापरलेल्या कोलॅबचं, म्हणजे गूगलच्या ऑनलाईन कॉम्प्युटरचं, फुकटचं सेशन रात्री मध्येच तुटायचं, ते निस्तरण्यात काही आठवडे गेले. शेवटी आकडा आला: ९६ टक्के. त्या गुरुवारी मी चारच्या आधीच केबिनबाहेर उभी होते.

मॅडमनी आकड्याकडे बघितलंच नाही. विचारलं, "टेस्टचे फोटो कुठल्या बागेतले?"

सगळ्या बागांतले होते, सरमिसळ करून घेतलेले. म्हणजे एकाच वेलीचे, एकाच मिनिटात काढलेले दोन फोटो, एक शिकवायला आणि एक परीक्षेला. मॉडेलला रोग ओळखायची गरजच नव्हती, बाग ओळखली तरी भागत होतं. मग चार बागांवर शिकवलं आणि पाचवी बाग पूर्ण झाकून ठेवली. असं पाळीपाळीने पाचही बागांचं केलं. सरासरी आली ६८ टक्के.

दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. पण गाईड म्हणजे काय, ते मला त्या एका प्रश्नात कळलं. इंटरनेटवर कोड मिळतो, व्हिडिओ मिळतात. माझा डेटा माझ्याशेजारी बसून बघणारं माणूस तिथे मिळत नाही.

'आविष्कार'च्या पोस्टरवर कुठला आकडा लावायचा, यावरून आम्हा दोघींत वाद झाला. ही संशोधन स्पर्धा राज्यपालांच्या पुढाकाराने २००६ पासून राज्यातल्या विद्यापीठांमध्ये होते, पदवीच्या मुलांसाठी वेगळा स्तर असतो. मॅडम म्हणाल्या, दोन्ही आकडे लावा आणि फरक का पडला ते मध्यभागी लिहा. परीक्षक इतर पोस्टरांपुढून भराभर गेले, आमच्यापुढे थांबले, आणि सगळे प्रश्न त्या फरकावरच आले. जिल्ह्यातून आम्ही विद्यापीठाच्या फेरीपर्यंत गेलो, पुढे नाही. विज्ञान अकादमींच्या दोन महिन्यांच्या उन्हाळी फेलोशिपलाही अर्ज केला होता, त्यात निवड झाली नाही. शिफारसपत्रात मॅडमनी ६८ ची हकिकत लिहिली होती, याचा मला आजही अभिमान वाटतो.

मामेबहीण यंदा बी.एस्सी.ला गेली. तिने विचारलं, "ताई, हे संशोधन फक्त इंजिनिअरिंगवाल्यांनाच का?" तर नाही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या आराखड्यात चार वर्षांच्या पदवीत शेवटचं वर्ष संशोधनाचं घेता येतं, पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. पण तोवर थांबायचं कशाला, म्हणून तिला आत्ताच कामाला लावलंय. छाटणीनंतर डाऊनी दिसायला लागली की मामा पहाटे फवारणीआधी फोन करणार आहेत. ती पान पालथं धरणार आणि मी फोटो काढणार.