सावेद्राचं कोडं आणि डी-४ वरचा हत्ती

बुद्धिबळाच्या पटावर सोंगट्या चारच. पांढरा राजा बी-६ वर (अक्षर उभ्या पट्टीचं, आकडा आडव्या ओळीचा), प्यादं सी-६ वर. काळा राजा ए-१ वर, हत्ती डी-५ वर. पांढऱ्याने खेळून जिंकायचं. कुणाला सांगावं तर उत्तर ठरलेलं, ‘संगणकावरच्या बुद्धिबळ इंजिनला घाल, क्षणात सांगेल.’ सांगेलच की! मग मी कशाला बसलोय?

सुरुवात फार छळत नाही. प्यादं सी-७ वर जातं, हत्ती डी-६ वरून शह देतो, आणि राजा बी-५, बी-४, बी-३ असा शह चुकवत खाली उतरतो. घाईने सी-५ वर गेलात तर हत्ती डी-१ गाठतो आणि प्यादं सी-८ वर पोहोचून वजीर होताच सी-१ वरून शह देऊन त्याला टिपतो.

राजा सी-२ वर आला की ती डी-१ ची युक्ती संपते. आता वजीर होणारच. तेवढ्यात हत्ती डी-४ वर येऊन बसतो, आणि इथे माझं डोकं सटकलं. वजीर केला की सी-४ वर शह. हत्ती मारावाच लागतो, आणि मारला की काळ्या राजाला शह नाही, हलायला घरही नाही. बरोबरी! राजा बी-३ वर नेला तर पुन्हा डी-३ वरून शह, पुन्हा सी-२, पुन्हा डी-४. सी-३ वर नेऊन हत्तीवर जोर दिला तर तो डी-१ वर जातो, आणि राजाला परत सी-२ वरच यावं लागतं. तीच फेरी, तोच हत्ती. अक्षरशः पट उधळावासा वाटला.

शेवटी खेळ्या सोडल्या आणि शेवटची कोंडी नीट पाहिली. बी-१, बी-२ माझा राजा अडवतो. ए-२ कोण अडवतंय? सी-४ वरचा वजीर, तिरका. म्हणजे तिरकं न चालणारं काहीतरी हवं. वजीर नकोच, हत्ती करा! आता सी-४ वरचा हत्ती मारला तरी ए-२ मोकळं राहतं. शिवाय ए-८ वरून मात करायची धमकी असते, म्हणून काळा हत्ती ए-४ वर येतो. मग राजा बी-३ वर: हत्तीवर मारा आणि सी-१ वर मात, दोन्ही एकदम.

हे कोडं १८९५ मध्ये ग्लासगोच्या एका वृत्तपत्रात बुद्धिबळाचं सदर लिहिणाऱ्या बार्बिएने ‘बरोबरी’ म्हणूनच छापलं होतं. विजय शोधला फर्नांडो सावेद्रा या पाद्र्याने. हे आधी माहीत असतं तर मी स्वतःवर एवढा चिडलो नसतो.

हो, एक राहिलं. खराखुरा पट मांडा. मोबाइलच्या पडद्यावर प्यादं शेवटच्या घरात पोहोचलं की बऱ्याचदा आपोआप वजीर होतो. ती सोय आधी बंद करा.