लाज वाटली नाही तर माणूस सुधारणार कसा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न मला आईबापांनी मुलांबद्दल विचारलाय, बायकांनी नवऱ्यांबद्दल, नवऱ्यांनी बायकांबद्दल. शब्द थोडे इकडचे तिकडे, सूर तोच: "मॅडम, त्याला लाजच वाटली नाही, तर तो सुधारणार कसा?" लाजेनं सुधारलेला माणूस मी फार क्वचित पाहिलाय. लाजेनं माणूस लपतो. सुधारतो तो टोचणीनं.

दोन्ही एकच वाटतात, पण आपल्या भाषेनं ती वेगळी ठेवली आहेत. हातून चूक झाली की मन खातं, चुटपुट लागते. लाज वाटली की तोंड दाखवायला जागा उरत नाही, धरणीनं पोटात घ्यावं असं होतं. एकीकडे मन, दुसरीकडे तोंड. हेलन ब्लॉक लुईस या मनोविश्लेषक बाईंनी १९७१ साली हा फरक नेमका मांडला. अपराधीपणात, म्हणजे या टोचणीत, लक्ष कृत्यावर असतं, लाजेत स्वतःवर. "मी वाईट वागले" असं म्हणणारीला पुढे काहीतरी करता येतं, माफी मागता येते, नुकसान भरून देता येतं. "मी वाईट आहे" असं म्हणणारीनं काय करायचं?

हे मी शिकले होते, पण कळलं उशिरा. एका मैत्रिणीच्या गाठीची तपासणी झाली होती. अहवाल घ्यायला सोबत येते, असं मी तिला सांगितलं आणि त्या दिवशी साफ विसरले. रात्री आठवलं तेव्हा पोटात खड्डा पडला. तेव्हाच फोन करायला हवा होता. उद्या निवांत बोलू म्हटलं, आणि त्या उद्याचे चार दिवस झाले. मेसेज लिहायचा, खोडायचा, पुन्हा लिहायचा. आठवडा उलटला तशी तिची काळजी मागे पडली आणि मी दिवसरात्र माझाच विचार करू लागले. मी कसली मैत्रीण, लोकांना धीर द्यायला बसते आणि माझ्याच माणसाला एकटं सोडते. एकदा ती समोरून येताना दिसली तर मी वाट बदलली. तिचा अहवाल बरा आला की वाईट, हे मला सात महिने माहीत नव्हतं. टोचणी होती तोवर माझ्या डोळ्यांपुढे ती होती. लाजेनं घेरलं आणि डोळ्यांपुढे फक्त मी उरले. शेवटी तिनंच मला गाठलं. अहवाल चांगला होता. म्हणाली, "विसरलीस त्याचं काही नाही गं. नंतर आली नाहीस, ते लागलं."

या दोन भावनांचं नैराश्याशी नातं किती, हे १०८ अभ्यास एकत्र करून २०११ साली तपासलं गेलं. बावीस हजारांहून अधिक माणसांची माहिती त्यात होती. लाजेचं नातं अपराधीपणापेक्षा स्पष्टपणे घट्ट निघालं. पण एक अपवाद फार महत्त्वाचा आहे. जे आपल्या हातात नव्हतंच त्याचा दोष स्वतःकडे घेणं, किंवा कशाबद्दल ते न कळता सतत अपराधी वाटत राहणं, हे जवळजवळ लाजेइतकंच नैराश्याशी जोडलेलं दिसलं. अपघातातून एकटा वाचलेला माणूस असो की आजाऱ्याची सेवा करून थकलेली मुलगी, "मीच कमी पडले" हे त्यांच्या तोंडचं वाक्य ऐकलं की मी थांबते आणि विचारते, नेमकं काय करायचं राहिलं? पुष्कळदा उत्तरच नसतं.

लाज काही समाजांतच असते, असं काहींना वाटतं. रूथ बेनेडिक्ट या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९४६ साली जपानी संस्कृती लज्जेवर आणि पाश्चात्त्य संस्कृती अपराधभावावर उभी आहे अशी विभागणी केली आणि ती लोकांच्या डोक्यात पक्की बसली. त्या स्वतः जपानला कधी गेल्या नव्हत्या. मला ही विभागणी फार ढोबळ वाटते. २००४च्या अथेन्स ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिकमधल्या ज्यूदो खेळाडूंचे फोटो जेसिका ट्रेसी आणि डेव्हिड मात्सुमोतो या मानसशास्त्रज्ञांनी अभ्यासले. हरल्यावर खांदे पडतात, छाती आत जाते. जन्मांध खेळाडूंचंही तसंच झालं, ज्यांनी दुसऱ्या कुणाला असं करताना कधी पाहिलेलं नाही. संस्कृतीचा फरक दिसला तो पुढे. व्यक्तिवादी पाश्चात्त्य देशांतले डोळस खेळाडू ही खूण कमी दाखवत होते. म्हणजे लाज सगळ्यांची. ती दिसू द्यायची की दाबायची, आणि तिचं पुढे काय करायचं, हे समाज शिकवतो. नेदरलँड्स आणि फिलिपाइन्समधल्या विक्रेत्यांच्या एका अभ्यासात गिऱ्हाइकासमोर खजील झालेले डच विक्रेते आक्रसून गेले, तर फिलिपिनो विक्रेते नातं सांधायच्या मागे लागले. लाज वाटल्यावर परत जायची वाट जिथे मोकळी असते तिथे ती माणसाला तितकी बुडवत नाही, असा मी याचा अर्थ लावते.

स्त्रीपुरुषांचं म्हणाल, तर बायका लाज आणि अपराधीपणा थोडा जास्त सांगतात, पण हा फरक छोटा आहे. मोठा फरक आहे तो कशाची लाज वाटायला शिकवलं यात. बाईला शरीराची आणि कुणासाठी काही करायचं राहून गेलं त्याची. पुरुषाला दुबळेपणाची, आणि म्हणून लाज वाटते हे सांगण्याचीही. मग ती रागाचे कपडे घालून बाहेर येते. "त्याला लाजच नाही" असं ज्याच्याबद्दल सांगतात, तो आरडाओरडा करणारा माणूस बरेचदा लाजेत गळ्यापर्यंत बुडालेला असतो.

मध्यंतरी परीक्षेत नक्कल करताना पकडलेल्या मुलाला घेऊन एक आई आली. त्याला माझ्यासमोरही लाज वाटावी, अशी तिची इच्छा होती. मुलाची हनुवटी छातीला टेकलेली.

"काय झालं?"

"मी बेकार आहे."

"ते नाही विचारलं. केलंस काय?"

बराच वेळ तो बुटाच्या नाडीशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "पुढच्या मुलाचा पेपर बघून दोन उत्तरं लिहिली." आणखी थोड्या वेळानं, "त्यालाही बोलणी बसली. त्याची काही चूक नव्हती."

हे सांगताना त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. त्या मुलाला काय म्हणायचं, यावर आम्ही उरलेली वीस मिनिटं बोललो. आई मध्ये एकदाही बोलली नाही.