चेक परत केला, माणूस ठेवून घेतला

दहा लाखांचा चेक हातात आल्यावर तो देणाऱ्यालाच परत करणं अकाउंट्सच्या माणसाला जमत नाही. पन्नास रुपयांच्या फरकासाठी रात्री आठपर्यंत ताळा जमवत बसणारी आम्ही माणसं. पण गेल्या जानेवारीत मला ते करावं लागलं. तेही प्राचार्यांच्या केबिनमध्ये, शाल-श्रीफळ टेबलावर तयार असताना.

आमचं कॉलेज सांगली जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी, शिवाजी विद्यापीठाशी संलग्न. मी कार्यालयीन अधीक्षक. इथूनच बी.कॉम. केलेलं, त्यामुळे माजी विद्यार्थी संघाचं दप्तरही कुणी न विचारता माझ्या टेबलावर येऊन पडलं. संघ एरवी निवांत असतो. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या निकषांत ५.४ क्रमांकाला माजी विद्यार्थ्यांचा सहभाग आहे, म्हणून पथक यायचं ठरलं की त्याला जाग येते. मग मेळावा, जेवण, ग्रुप फोटो.

तर चेक देणारे ते सर सत्तरच्या दशकात इथे बी.एस्सी. झालेले. पुढे कोल्हापुरात एम.एस्सी., मग अमेरिका, तिथे औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये सगळी नोकरी, आता निवृत्त. सोबत त्यांचा वर्गमित्र होता. त्याची मार्केट यार्डाजवळ माती-पाणी तपासायची छोटी लॅब आहे. सरांना वडिलांच्या नावानं सुवर्णपदक सुरू करायचं होतं. त्यांनी चेक पुढे केला, प्राचार्यांनी हात पुढे केला आणि मी मध्येच विचारलं, "सर, पासपोर्ट कुठला?"

"अमेरिकन. का?"

"मग हे पैसे आपल्याला घेता यायचे नाहीत."

प्राचार्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते अजून आठवतंय. सर मात्र चिडले नाहीत, मुद्दे मांडायला लागले. परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड आहे. खातं इथल्या बँकेतलं आहे. रक्कम रुपयांत आहे. "आणि पैसे कुठले, सांगू? वडिलांच्या वाटणीचं रान विकलं त्याचे. ज्या रानात आम्ही भुईमूग काढला त्याचे पैसे परदेशी कसे रे?"

प्रश्न बिनतोड होता. पण परकीय देणगीचा कायदा, म्हणजे एफसीआरए, पैसा कुठून आला हे बघत नाही, देणारा कोण हे बघतो. परदेशी नागरिकानं दिलेली देणगी परकीयच. मग तो मूळचा आपला असो, ओसीआय कार्डवाला असो, रुपयांत देवो. ती घ्यायला संस्थेची एफसीआरए नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी लागते आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत त्यासाठी वेगळं खातं लागतं. २०२० च्या दुरुस्तीनंतर ही देणगी दुसऱ्या कुठल्याच शाखेत स्वीकारता येत नाही. आमच्या संस्थेकडे यातलं काहीच नाही. याच जागी भारतीय पासपोर्टवाला दुबईचा इंजिनिअर असता तर त्यानं स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली रक्कम मी हसत जमा केली असती.

"नंदन निलेकणींनी २०२३ मध्ये आयआयटी मुंबईला ३१५ कोटी दिले, ते कसे चालले?" सरांनी विचारलं. म्हटलं, ते भारतीय नागरिक आहेत. शिवाय आयआयटीवाल्यांनी अमेरिकेत माजी विद्यार्थ्यांची वेगळी संस्था नोंदवून ठेवली आहे. आमच्याकडे माजी विद्यार्थ्यांची धड यादी नाही. वर्गमित्र म्हणाला, "माझ्या खात्यावर टाक, मी देतो." त्याला मी लगेच हात जोडले. ती उघड पळवाट झाली असती, आणि लेखापरीक्षक पुढे उत्तर मागणार ते मला.

चहा आला. वातावरण जरा सैल करावं म्हणून मी बक्षिसांच्या ठेवींचं रजिस्टर काढून सरांना दाखवलं. १९६८ साली १,००१ रुपये ठेवून सुरू झालेलं संस्कृतचं पारितोषिक. साडेसहा टक्क्यांनी त्याचं वर्षाचं व्याज ६५ रुपये. संस्कृत विषय बंद होऊन वर्षं झाली, पण अट 'संस्कृतात प्रथम येणाऱ्यास' अशी आहे, त्यामुळे व्याज नुसतं साठतंय. अशा नोंदींनी पानं भरलीत. जिथे विषय चालू आहे तिथे पदकाचं प्रमाणपत्र झालंय. सरांनी तिथेच हिशेब केला: दहा लाखांवर ६५ हजार, त्यात एक तोळा सोनंही बसत नाही. "अजून वीस वर्षांनी माझ्या वडिलांचंही प्रमाणपत्रच होणार म्हणायचं," ते म्हणाले आणि चेक खिशात घातला.

मग केमिस्ट्री विभाग बघायला गेले. मी सोबत गेलो ते केवळ प्राचार्यांच्या केबिनमध्ये एकटं राहायला नको म्हणून.

कोपऱ्यात यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे द्रावण कुठला प्रकाश किती शोषतं ते मोजणारं मशीन, होता, वर कापड, कापडावर 'नादुरुस्त'ची चिठ्ठी. सरांनी कापड काढलं, मशीन सुरू केलं, एका पोराकडून परमँगनेटचं फिकं गुलाबी द्रावण करून घेतलं आणि आत ठेवलं. पडद्यावर ५२५ नॅनोमीटरच्या आसपास छान उंच टोक आलं. "अर्धं मशीन ठणठणीत आहे," ते म्हणाले. मला कळेल असं त्यांनी सांगितलं: आत दोन दिवे असतात. दिसणाऱ्या प्रकाशासाठी टंगस्टनचा, अतिनीलसाठी ड्युटेरियमचा. दुसरा साधारण हजार तास चालतो. तो गेलाय, एवढंच.

विभागप्रमुख मॅडमना ते ठाऊक होतंच. त्यांनी दिव्याची फाइल केली होती. खरेदी समितीनं तीन कोटेशनं मागितली. त्या कंपनीचा दिवा देणारा विक्रेता या भागात एकच, दुसरं कोटेशन येणार कुठून? फाइल परत. वार्षिक देखभालीचा करार आधीच संपलेला. बिचाऱ्या मॅडमनी मग चिठ्ठी चिकटवली. त्यांना म्हटलं, एकमेव पुरवठादार असल्याचा दाखला जोडून पुन्हा पाठवा, समितीसमोर टिपणी मी मांडतो. दिवा पुढे प्रयोगशाळा शुल्कातून आला. सरांचा एक पैसा त्यात नाही.

सरांचा मुक्काम महिनाभर होता. रोज सकाळी लॅबमध्ये यायला लागले. पोरांना त्यांनी काय शिकवलं त्यातलं मला फार कळलं नाही, पण एका दिवशी दारातून ऐकलं: रीडिंग चुकलं तर व्हाइटनर लावायचा नाही, खोडून काळंही करायचं नाही. एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. औषध कंपनीत यात कसूर झाली तर अख्खी बॅच अडते म्हणे. आम्ही कीर्दीत हेच करतो! माणसाबद्दल आदर दुप्पट झाला. आता ते शनिवारी संध्याकाळी ऑनलाइन शिकवतात, तिकडे तेव्हा सकाळ असते.

वर्गमित्राचं वेगळंच. तो संकोचून म्हणत होता, "माझी एवढीशी लॅब, मी काय देणार?" मॅडम त्याच्याकडे बघतच राहिल्या. नव्या शैक्षणिक धोरणात एम.एस्सी.च्या दुसऱ्या सत्राला ४ श्रेयांकांचं, म्हणजे १२० तासांचं, कार्यप्रशिक्षण सक्तीचं आहे. पोरं पत्र घेऊन एमआयडीसीत जातात आणि वॉचमनच गेटवरून परत पाठवतो. दहा लाखांपेक्षा मॅडमना 'तुमची दोन पोरं पाठवा' हे वाक्य हवं होतं. त्यानं दोघांना घेतलं, शिवाय साखर कारखान्यातल्या चीफ केमिस्टला फोन लावला. तोही आमचाच निघाला, आणि आमच्या यादीत त्याचं नावच नव्हतं.

संस्थेच्या एफसीआरए नोंदणीचा विषय मी नियामक मंडळापुढे ठेवलाय. तीन वर्षांचं काम आणि त्यात १५ लाखांचा खर्च ही अट आपण सहज पुरी करतो. खजिनदारांना मात्र पटत नाही. पैसे आले नाहीत तरी दरवर्षी विवरणपत्र भरायचं, ते कुणी? एका माणसाच्या देणगीसाठी हा व्याप कशाला? त्यांचंही खोटं नाही. विषय पुढच्या सभेवर गेलाय.

सरांनी तोवर रक्कम मुदत ठेवीत टाकली आहे. पदकाचा विचार सोडलाय, आता त्यांना यंत्रांच्या देखभालीसाठी निधी द्यायचाय. वडिलांच्या नावाचा आग्रह कायम आहे, आणि तो असायलाच हवा. देखभालीच्या बिलावर ते नाव बसवायचं कसं, एवढं अजून मला सुचलेलं नाही.