पुस्तकाची पाठ आणि आमची

मुलगी म्हणाली, "बाबा, आपल्या छापखान्याच्या वाटचालीवर एक पान लिहून द्या." एक पान आम्ही कधी छापलेलं नाही. आमचा हिशेब फर्म्याचा, म्हणजे 16 पानांचा. तेव्हा थोडं लांबलं तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा वडील 14 वर्षांचे होते, नारायण पेठेतल्या एका छापखान्यात पोऱ्या म्हणून. पाणी ओसरल्यावर मालकाने त्यांना चिखलाने भरलेल्या खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या शिशाच्या अक्षरांच्या, केसेसपुढे बसवलं. एकेक खिळा धुवायचा, पुसायचा, त्याच्या घरात टाकायचा. शाळा सुटलेला मुलगा, त्याची खरी अक्षरओळख तिथे झाली, तीही उलट्या अक्षरांची. पुढे आयुष्यभर ते वर्तमानपत्रापेक्षा जुळवलेला मजकूर भराभर वाचायचे. 1979 मध्ये त्यांनी स्वतःचं बाइंडिंगखाते काढलं. भांडवल म्हणजे एक हातकटिंग मशीन, दोन लाकडी शिकंजे, आऱ्या, दाभण, हाडाची पट्टी आणि खळीचं पातेलं. खळीत मोरचूद किती घालायचा हे त्यांनी मला शेवटपर्यंत मापाने सांगितलं नाही. "रंग बघ," म्हणायचे. त्यांच्या खळीने बांधलेली पुस्तकं अजून माझ्याकडे दुरुस्तीला येतात. कागद पिवळा पडून तुटतो, पण पाठीला कसर लागलेली नसते.

मी धंद्यात आलो 1988 ला. पहिल्याच दिवशी वडिलांनी एक कोरा ताव दिला आणि तीन घड्या घालायला लावल्या. मग न फाडता, कोपरे उचलून उचलून, पेन्सिलीने 1 ते 16 आकडे टाकायला सांगितले. ताव उलगडला तर आकडे आडवे-तिडवे, निम्मे डोक्यावर उभे. "आता शेजारच्या दोन-दोन आकड्यांची बेरीज कर." 1 शेजारी 16, 8 शेजारी 9, 4 शेजारी 13. सगळीकडे 17. आज संगणक पानं आपोआप लावतो आणि प्लेट थेट बाहेर येते, तरी नवीन आलेल्या प्रत्येक पोराला मी आधी हा ताव देतो. ज्याला 17 दिसत नाहीत त्याला मशीनजवळ जाऊ देत नाही.

1994 ला वर्गमित्राला भागीदार घेतलं आणि सेकंडहँड सिंगल कलर ऑफसेट आणलं. तो गिऱ्हाइकांकडे, मी मशीनवर. तो माणूस बोलायला लोण्यासारखा. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानात चहा प्यायला जायचा आणि येताना ऑर्डर घेऊन यायचा. 1995 ते 2003 बरं चाललं. दिवाळी अंक, गाइडं, कवितासंग्रह, संस्थांचे अहवाल. छापलं, बांधलं, पोचवलं.

2004 च्या गुढीपाडव्याला तो वेगळा झाला. वाटणीत परफेक्ट बाइंडिंगचं, म्हणजे ग्लूने पुस्तक बांधायचं, मशीन त्याने घेतलं, ऑफसेट माझ्याकडे राहिलं. गिऱ्हाइकांची वही मात्र दोघांची असताना ती त्याच्याच खिशात गेली, आणि ही गोष्ट मी 20 वर्षांनीही विसरलेलो नाही. दोन गल्ल्या सोडून त्याने खातं उघडलं. भाव माझ्यापेक्षा फर्म्यामागे काही पैशांनी कमी. ते कसं परवडतं हे धंद्यातल्यांना सांगायला नको: बिलावर 70 जीएसएम (चौरस मीटर कागदाचं वजन ग्रॅममध्ये), हातात घेतलं तर 60 लाही लाज वाटेल.

मी 2006 ला एका बंद पडलेल्या खात्यातून परफेक्ट बाइंडिंगचं जुनं सिंगल क्लॅम्प मशीन उचललं. त्याने माझा घात केला. खरं तर मीच केला, पण मशीनला नाव ठेवणं सोपं पडतं.

इथे अण्णांबद्दल सांगायला हवं. अण्णा म्हणजे आमचे सगळ्यात जुने प्रकाशक, वडिलांच्या वेळेपासूनचे. धोतर, कोट, खांद्याला कापडी पिशवी. माल तयार झाला की स्वतः खात्यात येणार. गठ्ठ्यातली वरची प्रत कधी घ्यायचे नाहीत, मधली ओढायचे. बरोबर मध्यावर उघडून दोन्ही अंगठ्यांनी दाबायचे, पाठ कडकन वाजते का बघायचे. मग एकच पान चिमटीत धरून अख्खं पुस्तक हवेत लोंबतं सोडायचे. सगळं खातं श्वास धरून उभं. पुस्तक लोंबत राहिलं की "हं." बस. त्या "हं"वर आम्ही बिल करायचो.

2009 मध्ये त्यांचं एक चरित्र आलं. डेमी आकार, 480 पानं, मध्ये छायाचित्रांची 16 पानं आर्टपेपरवर, 2,000 प्रती. मी जुजबंदी, म्हणजे प्रत्येक फर्म्याच्या घडीतून दोरा ओवून शिवणं, सुचवली होती. प्रकाशनाची तारीख ठरलेली, पाहुणे मुंबईहून येणार, म्हणून अण्णा म्हणाले परफेक्ट करा. परफेक्ट बाइंडिंगमध्ये फर्म्यांच्या घड्या मशीन पाठीकडून तासून काढतं, सुट्या झालेल्या पानांच्या कडा खरबरीत करतं आणि त्यांवर गरम ग्लू चढवतं. माझ्या मशीनचं पातं बोथट झालेलं, ते मला माहीत होतं. आर्टपेपर गुळगुळीत, त्याच्या अंगात ग्लू शिरत नाही, हेही माहीत होतं. आणि कागद घाईत जो मिळाला तो घेतला. घडी घालताना कडेला फुटायला लागला तेव्हा कळलं की ग्रेन (कागदाच्या तंतूंची दिशा) पाठीला आडवा आहे. तीन गोष्टी माहीत असून मी मशीन चालू ठेवलं. रात्री 2 वाजता टेंपो भरला आणि सकाळी माल खात्यातून थेट सभागृहावर गेला. अण्णांनी प्रत लोंबवून बघितलीच नाही.

पाहुण्यांनी व्यासपीठावर पुस्तक उघडलं, छायाचित्रं बघायला म्हणून मधोमध उघडलं, आणि पानं त्यांच्या मांडीवर आली. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो.

दुसऱ्या दिवसापासून माजी भागीदाराने चौकात एकच वाक्य फिरवलं: "त्यांच्याकडे पुस्तक बांधायला द्या, पत्ते पिसायला मिळतात." महिन्याभरात चार प्रकाशक गेले. एकाने तर मशीनवर असलेलं काम अर्ध्यावर उचललं. विकल्या न गेलेल्या 1,700 प्रती अण्णांनी परत पाठवल्या, सोबत एका ओळीची चिठ्ठी: "काय करता ते कळवा."

एकदा घड्या तासल्या की जुजबंदी करता येत नाही, दोरा ओवायला घडीच उरत नाही. पुन्हा ग्लू लावायचा तर पाठीकडून आणखी 3 मिलिमीटर जातात आणि ओळींची सुरुवात खाचेत बुडते. बाजूने टाचलं तर एवढं जाड पुस्तक उघडतच नाही. म्हणजे नवीन छापणं. प्लेटा डिंक लावून जपून ठेवल्या होत्या, तेवढाच खर्च वाचला. 23 बाय 36 इंची कागदाचे 60 रीम (रीम म्हणजे 500 ताव), वर वेस्टेज. वजन 1,100 किलोच्या पुढे. कागदवाल्याने उधार द्यायला नकार दिला. त्याचंही बरोबर होतं.

तेव्हा मी वडिलांचे खिळे विकले. पुरातून धुतलेले ते नव्हेत, ते त्या मालकाचेच राहिले. वडिलांनी पुढे हौसेने जमवलेले, लग्नपत्रिकांसाठी. शिसं भंगारात किलोवर जातं. काटेवाल्याने सगळ्या केसेस एका पोत्यात उपड्या केल्या, वेलांट्या, रफार, जोडाक्षरं सगळी एकत्र. वडील दारात खुर्चीवर बसून बघत होते. काही बोलले नाहीत. नंतर झाडून काढताना एक 'ज्ञ' सापडला, तो त्यांनी कोटाच्या खिशात टाकला.

2,000 प्रती पुन्हा छापल्या. 30 फर्मे मजकुराचे, एक आर्टपेपरचा, प्रत्येक प्रतीला 31 जुजं. आमच्या मावशी लोकांनी पाच आठवडे हाताने शिवल्या. फर्म्यांच्या पाठीवर प्रत्येकी एक काळी खूण छापतात, दर फर्म्याला थोडी खाली. जुळणी बरोबर असेल तर पाठीवर तिरपा जिना उतरलेला दिसतो. पायरी गळली की फर्मा गळला, पायरी दुणावली की फर्मा डबल. प्रत्येक प्रतीचा जिना मी स्वतः बघितला. मग अण्णा आले. मधली प्रत ओढली. दाबली. आर्टपेपरचं पान चिमटीत धरून सोडली. बराच वेळ धरून ठेवली, मला वाटतं मुद्दामच. "हं." आणि पिशवीतून पुढच्या पुस्तकाची मुद्रितं काढून टेबलावर ठेवली, वर निम्म्या रकमेचा चेक. आगाऊ रक्कम त्यांनी त्याआधी कधी कुणाला दिली नव्हती.

त्यानंतर नोटाबंदी आली, जीएसटी आला (पुस्तकावर नाही, पण कागद, शाई, ग्लू, सगळ्यावर आहे), 2020 ला तर टाळं लागलं. पण ज्याने तिसऱ्या रांगेत बसून ते बघितलंय त्याला टाळ्याचं काय.

आता लेखकमंडळींना थोडं. कुणी विचारलं नाही, तरी. छापायला देण्याआधी कोऱ्या कागदाची डमी बांधून मागा. चांगला बाइंडर नाही म्हणत नाही. कागदाचा तुकडा दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा, ज्या बाजूने मऊ वाकेल तो ग्रेन, आणि तो पाठीला समांतर हवा. कागद ठरायच्या आधी मुखपृष्ठ फायनल करू नका. पाठीची जाडी कागदावरून ठरते, नाहीतर शीर्षक पाठीवरून घसरून पुढच्या बाजूला येतं आणि शिव्या आम्हाला. 300 च्या वर पानं असतील तर जुजबंदीचे जास्तीचे पैसे द्या, ते हाराफुलांतून वाचवा. आणि प्रकाशनाची तारीख आम्हाला विचारून ठरवा. पाहुण्यांना नंतर विचारा.

अण्णा 2018 ला गेले. त्यांचा मुलगा पुस्तकं आता 50-50 प्रतींनी डिजिटलवर काढतो, आमच्याकडेच. तोही प्रत लोंबवून बघतो, फक्त वरची घेतो. वडिलांचा कोट अजून खुंटीवर आहे.

गेल्या महिन्यात माजी भागीदाराच्या मुलाचा फोन आला. 600 पानांचा गौरवग्रंथ, 300 प्रती, गिऱ्हाईक जुजबंदीच हवी म्हणतंय, आणि त्यांच्याकडे शिवणारं कुणी राहिलेलं नाही. "काका, बाबांनी तुमचंच नाव सांगितलं." भाव पूर्ण सांगितला, एक पैसा कमी केला नाही. निम्मे आगाऊ. गुरुवारी फर्मे आले. कागद हातात घेऊन बघितला, बिलात लिहिलेला 70 होता, आणि खरंच 70 होता.